बिघाड कोठे आहे?

आपल्या मराठीत 'बिघडणे' हे क्रियापद मोठे उदार आहे. दूध नासते, भाकरी करपते, लोखंड गंजते, प्रत्येकाला आपापला स्वतंत्र शब्द आहे. परंतु यंत्र, पोट, हवामान, ठरलेला बेत आणि घरातला तरुण मुलगा या सर्वांना आपण एकाच शब्दात निकालात काढतो : बिघडले. हा शब्द एकदा उच्चारला की तपास पूर्ण झाल्याचे समाधान बोलणाऱ्याला मिळते. वस्तुतः त्या शब्दाने काहीच सांगितलेले नसते. काय बिघडले, कोठे बिघडले, कधीपासून बिघडले, आणि मुळात बिघडले आहे की नाही, हे सारे प्रश्न अजून शिल्लकच असतात.

या प्रश्नांचा विचार करण्यासाठी आम्ही मुद्दाम एक क्षुल्लक वस्तू निवडली आहे. खिशात मावणारे, कानाला तारा लावून गाणी ऐकवणारे यंत्र. १ जुलै १९७९ रोजी जपानमधील सोनी कंपनीने आपला पहिला वॉकमन बाजारात आणला आणि माणूस चालता चालता एकट्यापुरते संगीत ऐकू लागला. आखातात नोकरीस गेलेल्या आणि बोटीवर काम करणाऱ्या आपल्या कित्येक बांधवांच्या सामानातून अशी यंत्रे आपल्या घरांत आली. पुढे ऑक्टोबर २००१ मध्ये ॲपल कंपनीचा आयपॉड आला, आणि मे २०२२ मध्ये त्या मालिकेतील अखेरचा नमुनाही बंद करीत असल्याचे त्या कंपनीने जाहीर केले. आता गाणी मोबाइलवरच वाजतात. तरीही कपाटाच्या तळच्या खणात, जुन्या जपमाळा आणि लग्नाचे फोटो यांच्या शेजारी, ही यंत्रे अजून पडलेली आढळतात. मोठ्या नैतिक प्रश्नासाठी मोठे उदाहरण घेतले की माणूस सावध होतो आणि सभेत बसल्यासारखा विचार करू लागतो. खिशातले यंत्र गप्प झाले म्हणजे मात्र तो जसा आहे तसाच वागतो. काही जण ते आपटून पाहतात. काही जण लेकराला हाक मारून विचारतात, "तू हात लावलास का?"

दुरुस्तीच्या कामात ज्यांचे आयुष्य गेले अशा माणसांचे काम आम्ही पुष्कळदा जवळून पाहिले आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अशी बोटभर रुंदीची दुकाने होती, आणि काही अजूनही आहेत. त्यातला जाणता कारागीर यंत्र हातात आल्याबरोबर स्क्रू-ड्रायव्हर उचलीत नाही. तो आधी गिऱ्हाइकाला विचारतो : आवाज मुळीच येत नाही, की एकाच कानात येत नाही? की येतो, पण जड येतो? प्रश्न साधे असतात, परंतु अर्धे काम तेथेच होते. एकाच कानात आवाज नसेल तर संशय प्रथम इअरफोनच्या तारेवर जातो, आणि तोही तिच्या पिनेपाशी, जेथे ती रोज वाकते. दुसरा इअरफोन लावून पाहण्यास पैसा लागत नाही. तोही एका कानाने मुका ठरला, तरच यंत्राच्या छिद्राकडे वळायचे. तेथे खिशातला कापूस आणि धूळ साचून पिन पुरती आत जात नाही, असे अनेकदा आढळते.

मग सेल. ते संपत आले की कॅसेटची फीत सेकंदाला सुमारे पावणेपाच सेंटीमीटर या आपल्या ठरलेल्या वेगाने सरकत नाही, आणि गाणारी बाई हळूहळू पुरुषाच्या आवाजात गाऊ लागते. सेल नवे असूनही यंत्र गप्प असेल, तर सेल बसवण्याच्या खोबणीतील स्प्रिंगा पाहाव्यात. अल्कलाइन सेल बराच काळ आत राहिले की पाझरतात आणि पत्र्यावर पांढरा थर धरतो. हा पाझर क्षारधर्मी असल्यामुळे लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने तो निघतो. मात्र त्याला उघडा हात लावू नये, आणि नंतर ती जागा पुसून पूर्ण कोरडी करावी. आवाज येतो पण घोंगडीखालून आल्यासारखा येतो, असे असेल तर फितीचा तपकिरी चुरा हेडवर बसलेला असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल, ज्याला दुरुस्तीवाले नुसते 'आयपीए' म्हणतात, त्याचा कापूस हलक्या हाताने फिरवला की आवाज मोकळा होतो. एवढे सारे करून झाल्यावरच झाकण उघडण्याची पाळी येते. आत मोटारीचा रबरी बेल्ट सैल झालेला असतो, किंवा कित्येक वर्षांनी तो विरघळून डांबरासारखा चिकटलेला असतो.

आयपॉडसारख्या यंत्रात फिरणारे पुष्कळसे भाग नाहीसे झाले, तरी हा क्रम बदलला नाही. प्रथम वरच्या कडेची 'होल्ड' कळ पाहायची, कारण ती सरकलेली असेल तर यंत्र ठणठणीत असूनही कोणत्याही बटणाला दाद देत नाही. मग ते पुरते चार्ज करायचे. मग, चाकाचे बटण असलेल्या नमुन्यात, 'मेन्यू' आणि मधले बटण काही सेकंद एकत्र दाबून यंत्र नव्याने सुरू करायचे. यात गाण्यांना धक्का लागत नाही. 'रिस्टोर' नावाचा उपाय अगदी शेवटी, कारण त्याने यंत्र कोरे होते आणि आतले सारे पुसले जाते.

वाचकांना ही तांत्रिक माहिती वाटेल. आमच्या मते तिच्यात एक नीती दडलेली आहे. तपास बाहेरून आत जातो, स्वस्ताकडून महागाकडे जातो, हे कोणाही काटकसरी माणसाला पटेल. परंतु खरा क्रम याहून खोल आहे : जे उलटे फिरवता येते ते आधी, आणि जे परत घेता येणार नाही ते शेवटी. तार बदलली तर पुन्हा काढता येते. पुसलेले परत येत नाही. शिवाय जाणता कारागीर एका वेळी एकच गोष्ट बदलतो. सेल, तार आणि कॅसेट ही तिन्ही एकदम बदलली आणि यंत्र वाजू लागले, तर गाणे मिळाले खरे, पण दोष कोणाचा होता हे कधीच कळणार नाही, आणि फेकून दिलेल्या तिघांतील दोघे तरी निरपराध असण्याचा संभव राहील.

आमच्या माहितीतील एका कुटुंबाची हकीकत येथे सांगतो. घरचे वडील बोटीवर होते. एका प्रवासाला निघण्यापूर्वी त्यांनी एका कॅसेटवर आपल्या आवाजात काही गाणी आणि मुलांसाठी चार शब्द भरून ठेवले होते. ते वारल्यानंतर त्यांची पत्नी, म्हणजे आता त्या घरातील आजी, दर वर्षी त्यांच्या स्मृतिदिनी ती कॅसेट त्यांच्याच छोट्या यंत्रावर ऐकत असे. एका वर्षी आवाज जाड, संथ आणि ओळखू न येणारा आला. थोरला मुलगा म्हणाला, "आई, कॅसेट गेली." धाकट्याला आठवले की आदल्या आठवड्यात पुतण्या, अकरा वर्षांचा पोर, ते यंत्र घेऊन खेळत होता. पोराला विचारण्यात आले. तो नाही म्हणाला. पुन्हा विचारण्यात आले. तो गप्प झाला, आणि त्याचे गप्प होणे हीच कबुली धरण्यात आली.

तीन आठवड्यांनी शेजारचे एक निवृत्त गृहस्थ, ज्यांचे आयुष्य रेडिओ-टेपच्या दुरुस्तीत गेले होते, आजीला भेटण्यास आले. त्यांनी सर्वांत आधी ती कॅसेट यंत्रातून बाहेर काढली. आजारी यंत्राने फीत गुंतवली, किंवा आपण म्हणतो तशी 'खाल्ली', तर जगात तिची दुसरी प्रत नव्हती. मग त्यांनी भजनांची एक जुनी कॅसेट घातली. तीही तशीच जाड वाजली. म्हणजे वडिलांची कॅसेट निर्दोष होती! नवे सेल घालूनही फरक पडला नाही. झाकण उघडले तेव्हा बेल्ट ढिला झालेला दिसला. रबर वयाने सैल होते. त्याला कोणाचा हात लागावा लागत नाही. योग्य मापाचा बेल्ट मिळण्यास दोन दिवस लागले, बसवण्यास तासभर. आजीने आपल्या पतीचा आवाज ऐकला, आणि त्याच संध्याकाळी एका नातीने त्याची प्रत मोबाइलवर उतरवून घेतली. यंत्र आजही चालते. त्या मुलाने मात्र त्यानंतर त्याला हात लावलेला नाही.

येथे संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार आम्हांस फार मोलाचा वाटतो. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आम्ही तो वाचला तेव्हा तो शाब्दिक काथ्याकूट वाटावा असाच होता. 'सुम्मा'च्या दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धातील साठाव्या प्रश्नात ते न्याय करण्याविषयी विवेचन करतात आणि विचारतात की संशयाच्या जागी चांगली बाजू घ्यावी काय. घ्यावी, असे त्यांचे उत्तर आहे. कारण वाईट माणसाला चांगले मानून आपण अनेकदा फसलो तरी ते, चांगल्या माणसाला वाईट मानून क्वचित फसण्यापेक्षा बरे. दुसऱ्या प्रकारात कोणावर तरी अन्याय होतो. परंतु लगेच पुढे ते एक भेद करतात, आणि तोच आमच्या विषयाला लागू आहे. वस्तूंविषयी निवाडा करताना असे झुकते माप देण्याचे कारण नाही, कारण आपण काहीही ठरवले तरी वस्तूची हानी होत नाही. तेथे प्रश्न असतो तो निवाडा करणाऱ्याचा : तो खरे बोलला तर त्याची बुद्धी सुधारते, खोटे ठरवले तर तिला ती खोट लागते.

म्हणजे सैल बेल्टवर दया करू नये. तो सैल आहे असे स्वच्छ म्हणावे. 'बिचारे यंत्र जुने आहे, चालेल तसे चालू द्या' हा कनवाळूपणा वस्तूच्या बाबतीत आळसाचेच दुसरे नाव आहे. आणि उलट माणसाच्या बाबतीत, अकरा वर्षांच्या पोराच्या बाबतीत, पुरावा अपुरा असताना त्याला सोडून देण्यास आपण बांधलेले आहोत, मग त्यात आपण फसलो तरी चालेल. त्या घरात नेमके उलटे घडले. यंत्राची तपासणी कोणी केली नाही, ती मुलाची झाली. यंत्राला म्हातारपणाची सवलत मिळाली, मुलाला बालपणाची मिळाली नाही. आम्हांस वाटते की हा प्रकार त्या एकाच घरात घडतो असे मानण्याचे कारण नाही. माणसावर संशय घेणे फुकट असते आणि बसल्या जागी करता येते. यंत्रावर घेतलेला संशय मात्र सिद्ध करण्यासाठी उठावे लागते, दुसरी कॅसेट शोधावी लागते.

कोणी म्हणेल, वस्तूंच्या तपासात शेवटी माणूस येतोच. कोणी तरी ती बनवली, विकली. हे खरे आहे. २००३ साली न्यू यॉर्कमधील दोघा भावांनी एक छोटीशी चित्रफीत काढली. आयपॉडची बॅटरी दीड वर्षात निकामी झाली आणि ती ग्राहकाला स्वतः बदलता येण्याजोगी नाही, ही त्यांची तक्रार होती. लिथियम बॅटरी वापराने क्षीण होते, हा तिचा स्वभाव आहे, त्यात पाप कोणाचे नाही. परंतु जो भाग झिजणारच हे बनवणाऱ्याला ठाऊक आहे, तो त्याने बंद पेटीत कोंडावा काय? कंपनीने त्याच सुमारास ९९ डॉलरला बॅटरी बदलून देण्याची सोय जाहीर केली, आणि पुढे २००५ मध्ये ग्राहकांनी भरलेल्या दाव्यात तडजोडही झाली. विक्रेत्याने मालातील छुपा दोष सांगितला पाहिजे, हे नीतिशास्त्राचे जुने सूत्र आहे. झीज हा दोष आहे की नाही यावर पंडित वाद घालोत. आमचे मत असे की जो झाकण चिकटवतो, त्याच्यावर सांगण्याची जबाबदारी अधिक येते.

आता आतापर्यंतच्या सर्व क्रमाला अपवाद ठरणारी एक घटना. मायक्रोसॉफ्ट कंपनीने नोव्हेंबर २००६ मध्ये 'झून' नावाचे असेच एक यंत्र अमेरिकेत विक्रीस आणले होते. त्याच्या ३० गिगाबाइटच्या नमुन्याची ही गोष्ट आहे. ३१ डिसेंबर २००८ रोजी, वर्षाच्या अखेरच्या दिवशी, ही यंत्रे एकाएकी गोठली. सुरू करावे तर पहिलेच चित्र पडद्यावर येई आणि तेथेच थांबे. वर्षअखेरच्या मेजवानीसाठी गाणी भरून ठेवलेल्या मालकाने काय केले असेल त्याची कल्पना करणे कठीण नाही. त्याने बटणे दाबली असतील, चार्जर लावला, काढला असेल. यंत्र कोणाच्या हातून पडले का, हेही त्याने घरात विचारले असेल. सर्व तपास यथाविधी, बाहेरून आत, आणि सर्व व्यर्थ. कारण त्या दिवशी त्याच नमुन्याची सगळी यंत्रे, निरनिराळ्या शहरांत, निरनिराळ्या खिशांत, एकाच कारणाने थांबलेली होती.

कारण असे. यंत्रातील घड्याळ १ जानेवारी १९८० पासूनचे दिवस मोजत असे, आणि आजचे साल कोणते हे काढण्यासाठी त्या संख्येतून एकेका वर्षाचे दिवस वजा करीत जाई. शिल्लक ३६५ हून अधिक आहे तोवर वजाबाकी चालू ठेवावी, अशी आज्ञा होती. लीप वर्ष असेल तर शिल्लक ३६६ हून अधिक असल्यासच ३६६ वजा करावेत, अशीही आज्ञा होती. परंतु शिल्लक बरोबर ३६६ असेल तर? वजाबाकी करता येईना, आणि थांबताही येईना. २००८ हे त्या यंत्राच्या आयुष्यातले पहिलेच लीप वर्ष होते. त्याच्या ३६६ व्या दिवशी यंत्र त्या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिले.

लीप वर्षाचा हा हिशेब आपल्या धर्मसभेला अपरिचित नाही. वसंतसंपात आणि त्यावर अवलंबून असलेला पुनरुत्थानाचा सण यांचा मेळ बिघडत चालला म्हणून पोप ग्रेगरी तेरावे यांनी १५८२ साली पंचांग सुधारले. त्या वर्षी ४ ऑक्टोबर, गुरुवार, याच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर, शुक्रवार, उजाडला. येशूसंघीय गणिती क्लाव्हियस यांनी या सुधारणेच्या समर्थनार्थ आपली बुद्धी वेचली. शतकाचे वर्ष ४०० ने भाग जात असेल तरच लीप धरावे, इतका बारीक नियम ज्या पंचांगात बसवला गेला, त्याच पंचांगातला सर्वांत साधा, चार वर्षांनी येणारा एक दिवस चार शतकांनंतर एका खिशातल्या यंत्राला पेलला नाही. मोजमापात शेवटचा दिवस विसरणे ही माणसाची जुनी खोड आहे. कुंपणाला किती खांब लागतील हे विचारल्यावर पुष्कळ जण आजही एक खांब कमीच सांगतात.

या घटनेत आम्हांस दोन गोष्टी विचार करण्याजोग्या वाटतात. पहिली अशी की यंत्र उघडण्यापूर्वी एक प्रश्न विचारायला हवा होता, जो एकट्याने विचार करणाऱ्याला सुचत नाही : हे माझ्याच घरात घडले आहे काय? शेजाऱ्याला नुसते विचारले असते तरी निष्पाप मुले आणि निष्पाप चार्जर एका क्षणात सुटले असते. आपल्या घरातली अडचण आपण लाजेने झाकून ठेवतो, आणि झाकून ठेवल्यामुळेच ती केवळ आपली, म्हणून आपल्यापैकीच कोणाचा तरी अपराध, असे वाटू लागते. यंत्राबाबत हे हास्यास्पद दिसते. मुलांच्या शिक्षणाबाबत, नवऱ्याच्या दारूबाबत, सुनेच्या अबोल्याबाबत ते तसे दिसत नाही. त्या प्रसंगी अनेक घरे एकाच वेळी, एकमेकांना न कळता, आपापल्या पोराला विचारीत बसतात : "तू हात लावलास का?"

दुसरी गोष्ट उपायाची. कंपनीने मालकांना कळवले की काहीच करू नका. बॅटरी पूर्ण उतरू द्या. १ जानेवारी रोजी ग्रिनिच वेळेनुसार दुपारचे बारा वाजून जाऊ द्या. मग विजेला जोडा. उद्योगी माणसाला याहून कठीण उपाय सांगता येणार नाही. त्यात कौशल्य नव्हते, स्क्रू-ड्रायव्हर नव्हता, कोणाला दोष देण्याची सोयही नव्हती. ज्याचे यंत्र नुकतेच पूर्ण चार्ज झालेले, त्याला अधिक काळ थांबावे लागले. ज्याने आळसाने चार्ज करण्याचे राहून दिले होते, त्याचे आधी उतरले.

नववर्षाच्या त्या दुपारनंतर यंत्रातल्या घड्याळाने पुन्हा दिवस मोजले. या वेळी २००८ सालचे ३६६ दिवस वजा झाले, शिल्लक एक उरला, साल २००९ निघाले, आणि ज्यांच्या मालकांनी धीर धरला होता ती यंत्रे, आतल्या सगळ्या गाण्यांसह, जेथे थांबली होती तेथून सुरू झाली.